लिफ्टवाल्याचं तिसरं पान

१

पान दोन होतं. पान चार होतं. मधलं तीन नंबरचं पान मात्र पंख फुटून उडून गेल्यासारखं गायब होतं.

टाचणीबाईंनी पॉलिसीची पुस्तिका उलटी धरली, झटकली, मग थोरल्या साहेबांचा पेपरवेट उचलून त्याच्याखाली बघितलं.

"तिथे असेल होय?" साहेब वैतागले.

"तुमच्या टेबलावर काय सापडेल सांगता येत नाही साहेब. मागच्या वर्षी माझी कात्री इथेच सापडली होती."

विमा कंपनीत टाचणीबाईंचं काम एकच. माणूस गेला, घरच्यांनी पैसे मागितले आणि कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटलं, की फाइल बाईंकडे यायची. अंगाने काडी, वय पन्नाशीच्या पुढे, आणि एकदा टोचल्या की काढेपर्यंत आत. नाव कोणी ठेवलं ते माहीत नाही, पण बाईंना ते आवडायचं. ऑफिसात कोणाच्या खुर्चीवर 'ही खुर्ची विमा उतरवलेली आहे, हळू बसा' अशी चिठ्ठी दिसली, की अक्षर बघायचीही गरज नसायची.

"मजा सोडा आणि ऐका," साहेब म्हणाले. "लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. सेहेचाळिसाव्या वर्षी हृदय बंद पडून गेला. पॉलिसी जेमतेम आठ महिन्यांची. अर्जाच्या तिसऱ्या पानावर आपण विचारतो, हृदयाचा त्रास होता का, ऑपरेशन झालं का. आपल्या फायलीतल्या अर्जात सगळीकडे 'नाही'वर खूण. आणि हॉस्पिटलचे कागद म्हणतात, पाच वर्षांपूर्वी छाती उघडली होती."

"म्हणजे थाप."

"धडधडीत! आणि थापेवर झालेला करार टिकत नाही. नकाराचं पत्र तयार आहे. फक्त हे एक कुसळ डोळ्यात सलतंय."

कुसळ म्हणजे ती पुस्तिका. कंपनीची पद्धतच होती. पॉलिसी छापली की गिऱ्हाइकाच्या अर्जाची चार पानी कॉपी काढायची, पॉलिसीच्या मागे ठेवायची, कडेने दोऱ्याने शिवायची आणि घरी पाठवायची. लिफ्टवाल्याच्या बायकोने ती पुस्तिका दाव्याबरोबर जमा केली होती, आणि तिच्यात नेमकं तेच पान नव्हतं.

बाईंनी नकाराचं पत्र वाचलं. 'आपल्या पतीने जाणूनबुजून खोटी माहिती देऊन कंपनीची फसवणूक केली.' खाली सहीची जागा मोकळी होती.

"सही कधी करताय?"

"परवा. पाच वाजता."

"मग परवा पावणेपाचपर्यंत पेनाला टोपण लावून ठेवा," बाई म्हणाल्या आणि पुस्तिका काखेत मारून निघाल्या.

जिना उतरता उतरता त्यांच्या डोक्यात एकच भुंगा. कंपनीच्या फायलीत ते पान आहेच. मग त्याची घरातली कॉपी नाहीशी करून कोणाला काय मिळणार?

२

लिफ्टवाल्याच्या बायकोचं कपडे अल्टर करायचं दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखालची खोली. दोन मशिनं, एक आरसा, दांडीवर दुसऱ्यांचे कोट. भिंतीवर पाटी होती, 'जाड झालात? लाजू नका.'

"ही पाटी कोणाची?" बाईंनी आत शिरतानाच विचारलं.

"त्यांचीच." शिवणवालीने तोंडातल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या. "म्हणायचे, माणूस हसत आत आला की घासाघीस कमी करतो. तुम्ही कंपनीच्या ना?"

"कंपनीची. पण आधी माझ्या या जाकिटाची बाही बघा. दोन वर्षं लोंबतेय."

शिवणवालीने बाही चाचपली. बोटं कामाला लागली की माणूस मोकळा बोलतो, हे बाईंना सत्तावीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं.

"कसे होते हो?"

"कसे म्हणजे? खडूस. काटेकोर. सामानाची यादी लिहून दिली की खाली उरलेल्या जागेवर तिरकी रेघ मारायचे आणि टोकाला छोटी सही ठोकायचे. म्हणजे मी मागून काही घुसवायला नको! मी म्हणायचे, अहो, ही साबणाची यादी आहे, जमिनीचं खरेदीखत नाही." ती हसली आणि हसता हसता थांबली. "पत्र येणार म्हणतात. फसवणूक केली म्हणून. खोलीच्या मालकाने दोन महिन्यांची मुदत दिलीय. ते एक वेळ जाऊ दे. मशिनं विकीन, दुसऱ्यांकडे शिवायला जाईन. पण ज्या माणसाने आयुष्यात साबणाच्या यादीत लबाडी होऊ दिली नाही, त्याला कागदावर लबाड म्हणणार?"

"ऑपरेशन झालं होतं ना पण?"

"झालं होतं." सुई थांबली.

"आणि पुस्तिकेतलं तिसरं पान?"

"तशीच आली पोस्टाने. मी काय विम्यातली जाणकार आहे, पानं मोजायला?" ती बाहीकडे बघत म्हणाली. "घ्या. झाली."

बाईंनी जाकीट घातलं. बाही अशी बसली, जणू अंगाबरोबरच वाढलीय. टीप कुठे सुरू झाली आणि कुठे संपली ते भिंगातूनही दिसलं नसतं. "वा!" बाईंच्या तोंडून निघालंच.

रस्त्यावर येऊन त्यांनी पिशवीतली पुस्तिका काढली आणि कडेची शिवण बघितली. एकसारखे टाके. गाठ आत दडवलेली. एकही दोरा लोंबत नव्हता.

बाई सत्तावीस वर्षं त्या कंपनीत होत्या. त्यांच्या कंपनीत इतकं नीट काम करणारं कोणी जन्मालाच आलं नव्हतं.

३

"ताई, मी तर त्यांना देवमाणूस म्हणायचो," गोड्या एजंट म्हणाला.

गोड्या सगळ्यांनाच देवमाणूस म्हणायचा. पॉलिसी घेणाऱ्याला जिवंतपणी, न घेणाऱ्याला पाठीमागे आणि बाईंना समोर. त्याच्या बोलण्याला मुंग्या लागतील अशी ऑफिसात सगळ्यांना धास्ती होती.

"अर्ज तू भरलास?"

"मी? अहो, मला पेनाला हात लावू दिला असता तर ना!" गोड्या पुढे सरकला. "झालं काय, आपल्याच इमारतीची लिफ्ट. मी आत, आणि ती तिसऱ्या-चौथ्याच्या मधोमध बंद. चाळीस मिनिटं! हे आले. दार बोटभर उघडलं आणि म्हणाले, घाबरू नका, दोर शाबूत आहे. मला वाटलं, एवढा धोक्याचा धंदा आणि माणसाचा विमा नाही? त्या फटीतूनच मी पत्रक सरकवलं."

"लिफ्टमध्ये अडकलेला असताना?"

"ताई, गिऱ्हाईक पळून जाऊ शकत नव्हतं."

"तू पळू शकत नव्हतास, शहाण्या."

"तेच ते. मग ते अर्ज घरी घेऊन गेले. मी म्हटलं, द्या, दोन मिनिटांत खुणा करून देतो. तर म्हणाले, तुझी सही मी करू का? मग माझा अर्ज तू कशाला भरतोस? तीन दिवसांनी बंद पाकिटात घालून दिला. वर चिकटपट्टी, पट्टीवरही सही! मी तसाच खिडकीवर दिला आणि पोच घेतली."

"उघडून बघितला नाहीस? खरं बोल."

गोड्याने मान खाली घातली. "बघणार होतो. पण ती पट्टी... ताई, त्या माणसाची जरा भीतीच वाटायची. चांगल्या माणसाची वाटते ना, तशी."

पोचपावती त्याने दाखवली. खिडकीवरच्या बाईंनी तिच्यावर लिहिलं होतं, 'पाकीट बंद, शाबूत.' टाचणीबाईंनी गोड्याच्या नावापुढे मनातल्या मनात फुली मारली. हा गडी मधाचा असेल, पण या भानगडीतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये शिरल्या. बटण दाबलं. लिफ्ट तिसऱ्या-चौथ्याच्या मधे आचका देऊन थांबली.

४

दहा मिनिटांनी इमारतीच्या रखवालदाराने हातचाक फिरवून लिफ्ट खाली घेतली. त्याला वाटलं, बाई आता कोणाकोणाचा उद्धार करणार. बाई म्हणाल्या, "मला ते वरचं मशीन दाखवा."

"गेलेत ते, तेव्हापासून ही अशीच रुसते," रखवालदार गच्चीवरच्या खोलीचं कुलूप काढत म्हणाला. "नवा माणूस येतो, ठोकतो, जातो. ते कान लावून ऐकायचे. म्हणायचे, आधी तिला काय म्हणायचंय ते तरी ऐक."

खोलीत ग्रीसचा वास होता. भिंतीला दुरुस्तीचं कार्ड लटकत होतं. तारीख, काम, बदललेला भाग, शेरा, असे रकाने. बाईंनी चष्मा डोळ्यावर घेतला. जिथे भाग बदललेला नव्हता तिथे रकान्यात तिरकी रेघ, टोकाला छोटी सही. शेरा नाही तिथे रेघ आणि सही. पानाच्या तळाशी चार बोटं जागा उरली, तिथेही रेघ आणि सही. वर्षानुवर्षांची कार्डं एकाखाली एक, आणि लिफ्टवाल्याने सोडलेली मोकळी जागा एकाही कार्डावर नाही.

"हे काय खूळ?"

"खूळ नाही हो. लिफ्ट शिकत होते तेव्हा त्यांच्या उस्तादाने एक रकाना मोकळा सोडला होता. मागून कोणीतरी त्यात लिहिलं, 'दोर तपासला'. तपासला नव्हता. लिफ्ट पडली, माणूस लंगडा झाला, आणि उस्तादाचं आयुष्य कोर्टाच्या पायऱ्यांवर गेलं. तेव्हापासून यांचं एकच. म्हणायचे, मोकळी जागा सोडली की दुसरा कोणी तुझ्या तोंडाने बोलतो."

टाचणीबाईंनी चष्मा पिशवीत टाकला. मग असा जिना उतरल्या की रखवालदाराला वाटलं, वर साप निघाला.

तळघरातल्या दप्तरखान्यात कुलूपकाका बसायचे. निवृत्तीला पाच महिने राहिलेले आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. फायलीतल्या मजकुरात त्यांना काडीचा रस नव्हता, पण फाइल कोणी नेली आणि कधी आणली याची नोंद ते कोंबडी अंडी उबवते तसे सांभाळायचे.

"काका, लिफ्टवाल्याची फाइल. इथेच बघते."

पान एक. 'दुसरं नाव असल्यास', मोकळं, तिरकी रेघ, छोटी सही. पान दोन. 'परदेशी गेला असल्यास', रेघ, सही. पान चार. 'आणखी काही सांगायचं असल्यास', रेघ, सही.

पान तीन. हृदयाचा त्रास? 'नाही'वर खूण. ऑपरेशन? खूण. तंबाखू? खूण. आणि प्रत्येक प्रश्नाखाली 'हो असल्यास तपशील' म्हणून चांगला चार-चार ओळींचा चौकोन.

सगळे चौकोन मोकळे. कोरे करकरीत. एक रेघ नाही, एक सही नाही.

बाईंनी पान प्रकाशात धरलं, मग हळूच खाली ठेवलं. साबणाच्या यादीवर रेघ मारणारा माणूस इथे चौकोनच्या चौकोन मोकळे सोडून गेला? त्या कोऱ्या जागेत दुसरंच कोणीतरी त्याच्या तोंडाने बोलत होतं.

"काका, पॉलिसी निघाल्यापासून ही फाइल कोणी कोणी बाहेर नेली?"

कुलूपकाकांनी वही उघडली आणि बोट फिरवलं. "थोरल्या साहेबांनी एकदा, या आठवड्यात. आणि त्याआधी फक्त एकदा. दावा आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी."

त्यांनी बोट ठेवलं ती सही बघून बाईंनी शीळ घातली.

५

परवाचा दिवस उजाडला. दुपारी चार वाजता थोरल्या साहेबांच्या खोलीत चार खुर्च्या मांडलेल्या होत्या. एकीवर गोड्या, एकीवर कुलूपकाका, एकीवर बाई. आणि चौथीवर मंजुरीसाहेब.

मंजुरीसाहेब म्हणजे कंपनीचा वेगाचा घोडा. कोणाचा अर्ज घ्यायचा आणि कोणाचा नाही हे ठरवून शिक्का मारायचं काम त्यांचं. एका चहात वीस फायली, अशी त्यांची ख्याती. दोनदा बक्षीस मिळालं होतं.

"लवकर आटपा बाई, माझ्याकडे ढीग पडलाय," ते म्हणाले.

बाईंनी टेबलाच्या मधोमध एक बंद पाकीट ठेवलं. "आटपलंच. तिसरं पान सापडलं."

चौघांच्याही माना त्या पाकिटाकडे वळल्या.

"सापडलं?" थोरले साहेब सावरून बसले. "कुठे?"

"ते मागाहून. आधी मी काय घोळ घातला ते सांगते. मला वाटत होतं, घरातलं पान नाहीसं करणारा आणि ऑफिसातली भानगड करणारा एकच. म्हणून काही जुळेना. मग लक्षात आलं, हे दोन वेगळे हात आहेत आणि त्यांची तोंडं दोन दिशांना आहेत. असं बघा, घरातल्या कॉपीवरही 'नाही' असतं, तर ते पान काढून काय मिळणार? काही नाही. ते काढावंसं वाटलं, कारण त्यावर 'हो' होतं. आणि ती कॉपी काढली पॉलिसी निघाली त्या दिवशी, आपल्याच फायलीवरून. म्हणजे त्या दिवशी आपल्या फायलीतही 'हो'च होतं. ते 'नाही' झालं त्यानंतर, या इमारतीत."

"ताई, मी दप्तरखान्यात कधी पाऊलसुद्धा—" गोड्या कासावीस झाला.

"तू गप. तू सुटलास. काकांकडे चाव्या आहेत, पण काका फाइल वाचत नाहीत."

"शाळेनंतर काही वाचलंच नाही," कुलूपकाका अभिमानाने म्हणाले.

बाई मंजुरीसाहेबांकडे वळल्या आणि त्यांचा आवाज लोण्यासारखा मऊ झाला. "साहेब, खरं सांगू? मला तर तुमची दया आली. लिफ्टवाल्याने 'हो'वर खूण केली, पण खाली लिहिलं काय, तर फक्त एक शब्द, 'ऑपरेशन'. कशाचं, कधी, काही नाही. आता महिनाअखेर, दोनशे अर्ज समोर. त्या एका शब्दावरून कोणालाही काय कळणार होतं?"

मंजुरीसाहेबांनी कपाळाचा घाम पुसला. त्यांना असं हायसं वाटलं, जसं बुडत्याला ओंडका दिसावा.

"तेच तर!" ते म्हणाले. "तेच तर मी म्हणतोय! एका शब्दावरून डॉक्टरकडे पाठवत बसलो असतो तर झालं असतं काम? मला वाटलं, अपेंडिक्सचं असेल..."

थोरल्या साहेबांनी हळूच फाइल उघडली आणि तिसरं पान त्यांच्यापुढे सरकवलं.

"पण इथे तर 'नाही' आहे ना?" ते म्हणाले. "मग तुम्ही 'हो' वाचलं कुठे?"

मंजुरीसाहेबांनी पानाकडे बघितलं, मग दाराकडे. बाई हलकेच म्हणाल्या, "दावा आला. तुम्ही घाईघाईने फाइल मागवली आणि बघितलं, 'हो' आहे आणि खाली तुमचाच शिक्का. नियमाने डॉक्टरकडे पाठवायला हवा होता तो माणूस. तुम्ही वाचलंच नव्हतं. मग कोऱ्या अर्जातलं एक पान घेतलंत, खुणा केल्यात आणि जुनं फाडलंत. घरी शिवलेली कॉपी गेलीय हे विसरलात, कारण ती शिवतात तेव्हा तुम्ही पुढच्या वीस फायलींवर असता. चूक तुमची, आणि लबाड ठरला तो. तो तर उत्तर द्यायला येणार नव्हता."

मंजुरीसाहेब उठले. शिक्का खिशात होता, तो त्यांनी काढून टेबलावर ठेवला आणि ते बाहेर गेले.

थोरल्या साहेबांनी पाकीट फोडलं. आत जाकिटाच्या बाहीची पावती होती.

"बाई!" ते ओरडले. "पान कुठाय?"

"मी कुठे म्हटलं पाकिटात आहे? आणि तो 'एक शब्द'ही माझ्या मनाचा."

"अहो, मग त्या माणसाने नक्की काय सांगितलं होतं आपल्याला? अर्धं सांगितलं असेल तर? मोघम असेल तर? वरचे लोक वर्षानुवर्षं भांडत बसतील. ते पान आज माझ्यासमोर आलं तर मंजुरी. नाही तर ते पत्र थांबवणं माझ्या हातात नाही." त्यांनी घड्याळ बघितलं. "पंचेचाळीस मिनिटं."

६

टाचणीबाई जिन्याखालच्या खोलीत शिरल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. त्यांनी पुस्तिका मशीनवर ठेवली.

"उसवलंत तुम्ही," त्या म्हणाल्या. "आणि परत शिवलंत, त्याच भोकांतून. इतकं सुंदर शिवलंत म्हणून पकडल्या गेलात."

शिवणवालीने दाराकडे बघितलं. "पोलीस येणार का?"

"पोलीस नाही. बसा. का काढलंत ते मला माहीत आहे. त्यावर 'हो' लिहिलं होतं. तुम्हाला वाटलं, ऑपरेशन कबूल केलंय म्हणजे पैसे बुडाले."

"मग नाही बुडत?" ती पुढे झुकली. "हे गेल्यावर मी पहिल्यांदा ती पुस्तिका उघडली. बघते तर हृदय, हो. ऑपरेशन, हो. मला भोवळच आली. म्हटलं, या माणसाने स्वतःच्या हाताने आमच्या पायावर धोंडा मारलाय. पुढचं वाचवलंच नाही मला."

"उलटं आहे ते." बाईंनी पुस्तिका पॉलिसीच्या शेवटच्या पानावर उघडली. "वाचा. 'ही पॉलिसी आणि तिला जोडलेला अर्ज मिळून पूर्ण करार.' अर्ज म्हणजे तुमच्या माणसाचं बोलणं. मी असा आहे, मला घेता का? पॉलिसी म्हणजे आमचं उत्तर. हो, घेतलं. आणि त्यांनी पहिला हप्ता भरला. झालं, गाठ बसली. आता त्यांनी लपवलं असतं तर ती गाठ आम्हाला सोडता आली असती. पण त्यांनी सगळं सांगितलं, आणि आम्ही न वाचता हो म्हटलं. आमच्या डोळ्यांवर झापड होती तर तो दोष त्यांचा कसा? त्यांचं खरं बोलणंच तुमच्या बाजूचं सगळ्यात पक्कं कलम आहे, आणि तेच तुम्ही उसवून ठेवलंत."

शिवणवालीने पुस्तिका मिटली. मग उठली, दांडीवरून एक राखाडी कोट काढला, पुरुषाचा, कोपर झिजलेला. अस्तराला कात्रीचं टोक लावलं. चार टाके उसवले आणि आतून घडी काढली.

"जाळायला निघाले होते," ती म्हणाली. "पण अक्षर त्यांचं. हात होईना."

बाईंनी घडी उलगडली. त्यांनी आयुष्यात हजारो अर्ज वाचले होते, पण असा नाही. ऑपरेशनची तारीख, हॉस्पिटल, डॉक्टर, किती दिवस पडून होते, कोणत्या गोळ्या, सकाळी किती आणि संध्याकाळी किती. चौथा मजला चढल्यावर दम लागतो, पण लिफ्ट चालू असल्यास लागत नाही, हेसुद्धा. ओळी संपल्या तर कडेच्या समासात बारीक अक्षरात पुढचं. आणि शेवटच्या शब्दानंतर उरलेल्या नखभर जागेतही तिरकी रेघ आणि छोटी सही.

"काय माणूस होता हो," बाई पुटपुटल्या. "सत्तावीस वर्षं असा अर्ज यावा म्हणून वाट बघत होते, आणि आला तेव्हा आमच्यातल्या कोणी वाचला नाही."

"आता काय करायचं?"

"शिवा. होता तिथे. माझ्यासमोर. मी तसं लिहून देईन. काही लपवायचं नाही, कोणी उसवलं आणि का उसवलं तेही नाही. त्यांच्यासारखंच."

शिवणवालीने सुईत दोरा ओवला आणि पान जागेवर बसवलं. पहिला टाका घातला, दुसरा घातला. शिवता शिवता तिची नजर पानाच्या खालच्या भागात गेली, जिथे ती आधी पोचलीच नव्हती. सुई हवेतच थांबली.

"तंबाखू किंवा सिगारेट," ती मोठ्याने वाचू लागली. "हो. रोज दोन. ऑपरेशनच्या आधी दहा होत्या. बायकोला पूर्ण सोडल्याचं सांगितलेलं आहे. कंपनीला विनंती, या बाबतीत घरी चौकशी करू नये."

बाईंनी ओठ आवळून धरले. इतक्या वर्षांच्या आयुष्यात हसू दाबणं त्यांना इतकं जड कधीच गेलं नव्हतं.

"रोज दोन!" शिवणवाली उभी राहिली. "पाच वर्षं! मी खिसे तपासायचे हो, वास घ्यायचे! माझ्या डोळ्यांत बघून सांगायचे, शपथेवर सांगतो, एक नाही. आणि कंपनीला खरं? परक्या लोकांना खरं?"

"तिथे सही करायची होती ना त्यांना."

शिवणवालीने बाईंकडे बघितलं आणि तिला हसू फुटलं. ते थांबेचना. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. ते पानावर पडू नये म्हणून तिने पुस्तिका दूर धरली, आणि तशीच हात लांब करून उरलेले टाके घातले. गाठ आत दडवली. दोरा दातांनी तोडला.

"द्या लवकर, पाच वाजतायत," बाई म्हणाल्या. "हे समोर बघितलं की साहेब मंजुरीवर सही करणार. तुमच्या माणसाचं नावही साफ."

शिवणवालीने पुस्तिका पुढे केली, पण सोडली नाही.

"मंजुरीचं नंतर बघू," ती म्हणाली. "आधी समोरच्या दुकानातून त्या तंबाखूच्या उत्तराची एक कॉपी मला काढून द्या. त्या माणसाशी माझं भांडण अजून बाकी आहे."